पद्मिनीच्या जाळीत 'किट'चा लाल दिवा लावावा का?

गंजलेला_बोल्ट

मंडळी, बाबांची १९८४ ची प्रीमियर पद्मिनी आता माझ्या नावावर झाली आहे. इंजिन उघडून बांधून झालं, मागच्या बाजूचा फ्लोअरचा पत्रा कुजला होता तो कापून नवा जोडला, सीटकव्हरं शिवायला टाकलीत. रंग मूळचाच ठेवलाय, तो फिकट निळा. आता अडलंय ते एका भलत्याच गोष्टीवर.

माझा मेहुणा 'नाईट रायडर'चा भक्त. शाळेत असताना केबलवर बघितलेले एपिसोड त्याला अजून पाठ आहेत. त्याचं म्हणणं, पुढच्या क्रोमच्या जाळीमागे एलईडीची पट्टी बसवू, त्या मालिकेतल्या 'किट' या बोलक्या गाडीसारखा लाल दिवा डावीकडून उजवीकडे सरकत राहील. मला हसू आलं, पण गंमत म्हणजे कल्पना डोक्यातून जातही नाही. बायको म्हणते दोघांनाही तपासून घ्या.

तर प्रश्न असा: जुन्या गाडीला असला खेळ करणं म्हणजे पाप आहे का? आणि सोबत आपापल्या लहानपणच्या गाड्या आणि टीव्हीवरची यानं-रोबो यांच्या आठवणीही येऊ द्या. माझ्या डोक्यात या दोन्ही गोष्टी एकाच कप्प्यात आहेत, का ते कळत नाही.

तिरपागडा

लावा. आणि मेहुण्याला ड्रायव्हरच्या सीटमध्ये शिवून टाका.

कुंदा_पुणे

@तिरपागडा, तुम्ही विनोदाने लिहिलंत, पण खरोखर तसंच करायचे! किट स्वतःहून चालतेय असं दाखवायचं असलं की गाडी हाकणारा माणूस सीटच्या आवरणामागे लपलेला असायचा. कॅमेऱ्याला रिकामी सीट दिसे.

माझी आठवण त्याआधीची. रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' लागायचं. इंग्रजी आम्हा भावंडांना ओ की ठो कळायचं नाही. वडील पेपर वाचता वाचता मधूनच भाषांतर करायचे आणि आम्हाला संशय असायचा की निम्मं ते मनाचंच सांगतात. स्पॉक काहीतरी लांबलचक बोलायचा आणि वडील म्हणायचे, "तो म्हणतोय, नाही."

ऐन वेळी पडद्यावर 'व्यत्यय' ही पाटी यायची. भाऊ गच्चीवर ॲन्टेना फिरवायला पळायचा, व्यत्यय मुंबईचा असला तरी. वरून ओरडायचा, "आलं का?" आणि आम्ही खालून, "नाही, अजून पाटीच आहे!"

क्रोम_काका

बोल्टराव, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. लावू नका.

पद्मिनी ही काही नुसती जुनी गाडी नाही. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट बनू लागल्या. आधी ती गोल पाठीची, जिला सगळी मुंबई 'डुक्कर फियाट' म्हणायची. मग सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, आणि १९६४ पासून ११०० डिलाइट. १९७२ मध्ये ती 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ मध्ये 'पद्मिनी'. इटलीत या घराण्याची ११०० साठचं दशक संपता संपता बंद झाली. आपल्याकडे तीच गाडी पुढे तीसेक वर्षं निघत होती. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गियर, पुढे अखंड बाकासारखी सीट, दारांना त्रिकोणी काचा. त्या त्रिकोणी काचेतून पायांवर येणारा वारा आजच्या कुठल्याही एसीत नाही.

ज्या गोष्टी टिकल्या त्या कोणीतरी हात न लावता ठेवल्या म्हणून टिकल्या. तुम्ही पत्रा बदललात ते ठीक, तो औषधोपचार झाला. जाळीत डिस्को लावणं हा औषधोपचार नाही.

तिरपागडा

काका, तुमच्या फियाटला तुम्ही मागच्या काचेपाशी मान हलवणारा कुत्रा ठेवलाय. फोटो तुम्हीच टाकला होता.

क्रोम_काका

तो त्या काळातलाच आहे!

रेडिंगकर

इकडे इंग्लंडात हा वाद कायमचा चालू असतो. चाळीस वर्षांवरच्या गाडीला रोड टॅक्स माफ, दर वर्षीची तपासणीही सक्तीची नाही, पण गाडीत मोठे बदल केले की ती सवलत जाऊ शकते. त्यामुळे इथले लोक मूळ नट-बोल्टसाठीही जीव टाकतात.

पण सायन्स फिक्शनवाल्यांनी मात्र गाड्यांशी खुशाल खेळ केलेत. 'डॉक्टर हू' या बीबीसीच्या मालिकेतल्या तिसऱ्या डॉक्टरची (नायक तोच, नट बदलत राहतो) पिवळी गाडी 'बेसी' बघा. दिसायला शंभर वर्षांपूर्वीची, पण प्रत्यक्षात फोर्डच्या सांगाड्यावर चढवलेली फायबरची बॉडी. जॉन पर्टवी १९७० पासून ती चालवायचा. 'थंडरबर्ड्स' या बाहुल्यांच्या मालिकेत लेडी पेनेलपीची रोल्स रॉइस तर गुलाबी, सहा चाकांची, आणि चालवणारे दोघेही कठपुतळे. आमच्या घरी मुलांना दाखवलं तर मुलगी म्हणाली, यांचे ओठ हलतात पण गळ्यातून दोऱ्या दिसतात. मी म्हटलं, अगं, दोऱ्या दिसतात म्हणून तर बघायचं.

आणि क्रोम_काका, जपण्याबद्दल म्हणाल तर बीबीसीने 'डॉक्टर हू'चे शंभराच्या आसपास भाग स्वतःच पुसून टाकले. टेप महाग, पुन्हा वापरता येते, हा हिशेब. त्यातला आवाज तेवढा सगळ्या भागांचा वाचला, कारण काही पोरांनी घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून ठेवला होता.

सरळवाट

सगळ्यांच्या रंगात भंग करतो, माफ करा.

फियाट ही वाईट गाडी होती. चांगली नव्हे, वाईट. आम्ही ती वापरली कारण दुसरं काही मिळत नव्हतं. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं, आणि मिळाल्यावर दारातून पावसाचं पाणी आत. उतारावर ब्रेक मारायचा म्हणजे आधी देवाचं नाव घ्यायचं. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि लोकांनी फियाट-अँबेसेडरकडे जी पाठ फिरवली ती उगाच नाही. मालिकांचंही तेच. मी मध्यंतरी 'स्टार ट्रेक' पुन्हा लावलं. अर्ध्या तासात झोप लागली. पुठ्ठ्याचे खडक, आणि दारं आपोआप सरकायची ती पडद्यामागे माणसं ओढायची म्हणून.

आपण आठवतो ते आपलं लहानपण. गाडी आणि मालिका फुकटच्या बरोबर येतात.

कुंदा_पुणे

@सरळवाट, माणसं दार ओढायची हे कळल्यावर मला तर ते जास्तच आवडायला लागलं! आणि माणसं एका क्षणात इथून तिथे पाठवायचं ते यंत्र कुठून आलं माहितीये? दर भागात यान ग्रहावर उतरवण्याचं चित्रीकरण परवडत नव्हतं. पैसे नव्हते म्हणून डोकं चालवलं. १९६६ साली. तुम्हाला झोप आली असेल, पण जगातल्या सगळ्या शास्त्रज्ञांना तेव्हापासून झोप नाही.

माहीमची_मावशी

फियाट-फियाट काय लावलंय? स्टँडर्ड हेराल्डला कोणी विचारतच नाही. माझ्या आत्याकडे होती, दोन दारांची, मद्रासला बनलेली. अख्खं बॉनेट पुढच्या मडगार्डांसकट समोर उलटायचं, मगरीने आ वासावा तसं. इंजिनाच्या शेजारी टायरवर बसून आत्या स्वतः प्लग साफ करायची. आणि वळायची किती! पंचवीस फुटांत पूर्ण वळसा. गिरगावातल्या वाडीत जिथे फियाटवाल्यांना तीनदा मागे-पुढे करावं लागे, तिथे आत्या एका दमात फिरवून बाहेर. वाडीतले पुरुष गॅलरीत उभे राहून बघायचे, कधी अडकते म्हणून. नाही अडकली.

टीव्हीवर मला 'स्टार ट्रेक'मधली उहुरा आवडायची. यानावर एवढे पुरुष, पण त्यांना संदेश आलाय की नाही हे ती सांगेल तेव्हा कळणार.

बोल्ट, तू लाव रे दिवा.

वडाळा_डेपो

खूप दिवसांनी लिहितोय. एरवी नुसता वाचतो.

माझ्या वडिलांनी काळी-पिवळी चालवली, आयुष्यभर. पद्मिनीच. तुमच्यासाठी ती क्लासिक, आमच्यासाठी धंद्याची गाडी. त्यांचा डावा खांदा कायमचा दुखायचा, दिवसभर दांड्यावरचा गियर वर-खाली करून. उन्हाळ्यात इंजिनची गरमी पायाशी. क्रोम_काकांच्या त्रिकोणी काचेतून वारा यायचा हे खरं, पण मे महिन्यात दादरला सिग्नलवर उभं राहिलात तर त्या काचेतून फक्त बेस्टच्या बसचा धूर यायचा.

घरी टीव्ही उशिरा आला. खालच्या दुकानात उभं राहून आम्ही पोरं 'स्पेस सिटी सिग्मा' बघायचो. त्यातला खलनायक जखाकू आला की दुकानदारसुद्धा गिऱ्हाईक सोडून बघायचा. पुढे घरी टीव्ही आला तेव्हा 'कॅप्टन व्योम', मिलिंद सोमणचं. वडील रात्रपाळीवरून येऊन झोपलेले असायचे म्हणून आवाज बंद करून. आजही मला व्योम काय बोलायचा ते माहीत नाही. मारामाऱ्या मात्र सगळ्या माहीत.

आता दिव्याबद्दल. काका म्हणतात हात लावू नका. काका, पद्मिनीला मुंबईत हात न लावता कोणी ठेवलीय? टॅक्सीवाल्यांनी काय नाही केलं तिला! छताला आतून गुलाबाच्या फुलांचं रेक्झिन, डॅशबोर्डवर गणपती आणि शेजारी अजमेरचा फोटो, मागे स्पीकर, ब्रेक दाबला की लुकलुकणारी माळ, गियरच्या दांड्याला काचेची मूठ, आत फूल गोठवलेली. वडिलांच्या गाडीत निळा बल्ब होता, रात्री पॅसेंजरच्या तोंडावर पडायचा, सगळे भुतासारखे दिसायचे. वडिलांना वाटायचं ते विमानासारखं दिसतं. त्यांनी विमान आतून कधी बघितलं नव्हतं.

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी बंद झाली, वीस वर्षांची मर्यादा संपली म्हणून. त्या आठवड्यात सगळ्यांनी टॅक्सीसोबत सेल्फी टाकले. बरं वाटलं आणि थोडा रागही आला, कारण त्यातल्या बऱ्याच जणांनी त्याआधी दहा वर्षं 'एसी आहे का' विचारून पद्मिनी सोडून दिली असणार.

दिवा लावा. माझ्या मते तो लावला तरच ती मुंबईची पद्मिनी.

तिरपागडा

@वडाळा_डेपो, निळा बल्ब आणि विमान. मी आज ऑफिसात हसलो आणि मग गप्प बसलो. लिहीत जा हो.

सरळवाट

वडाळा, तुमच्या पहिल्या परिच्छेदाला माझा पाठिंबा आहे हे नोंदवून ठेवा. शेवटच्याला नाही.

जुना_पंप

धागा भरकटायच्या आत ज्ञान वाटतो, मला पेन्शनीत दुसरं काम नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम १०८ आहे. गाडीने पुढच्या बाजूला लाल दिवा दाखवायचा नाही. खासगी गाडीने तर नाहीच नाही. मेहुण्याच्या किटला पहिल्याच नाक्यावर हवालदार बाजूला घेईल आणि किट त्याच्याशी इंग्रजीत बोलणार नाही.

दुसरं, २०२१ च्या नियमानुसार 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी हवी असेल, ती 'व्हीए' अक्षरांची पाटी, तर गाडी पन्नास वर्षांवरची लागते आणि मूळ रूपात फार फेरफार केलेले चालत नाहीत. तुमची १९८४ ची, म्हणजे २०३४ पर्यंत थांबा. शिवाय ती पाटी मिळाली की रोजच्या वापराला काढता येत नाही. तोपर्यंत आपलं साधं पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण. आधी सहाशे रुपयांत व्हायचं, एप्रिल २०२२ मध्ये मोटारीला पाच हजार झाले होते, आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांना २०२५ मध्ये आणखी वाढले.

गंजलेला_बोल्ट

पंपसाहेब, नूतनीकरणाचं माहीत होतं, त्यातूनच जातोय. नियम १०८ मात्र मेहुण्याला वाचून दाखवला. तो दोन मिनिटं गप्प बसला आणि म्हणाला, "मग पिवळा लावू."

रेडिंगकर

अहो, पिवळा लावू नका! पिवळा म्हणजे 'कार' (KARR) नावाची दुष्ट गाडी! किटच्या आधी बनवलेला नमुना, दिसायला तोच, पण त्याला माणसांना वाचवायचं शिकवलेलं नसतं, फक्त स्वतःला वाचवायचं शिकवलेलं असतं. मालिकेत तो दुसऱ्यांदा येतो तेव्हा त्याचा सरकता दिवा पिवळा असतो. तुमची पद्मिनी खलनायक व्हायची.

माहीमची_मावशी

स्वतःलाच वाचवते? मग ती फियाट नव्हे. फियाट आधी स्वतः बंद पडते, मग तुम्हाला चालायला लावते.

सायलेन्सर

दिव्याचा उगमही सांगतो. 'नाईट रायडर'चा निर्माता ग्लेन लार्सन. त्यानेच १९७८ साली 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' काढली होती, त्यातल्या सायलॉन रोबोंच्या डोळ्यात असाच लाल ठिपका इकडून तिकडे फिरायचा. पठ्ठ्याने तोच उचलून १९८२ च्या पॉन्टिॲक ट्रान्स ॲमच्या नाकावर बसवला. म्हणजे दिवा मुळात खलनायकाचाच. आवाज विल्यम डॅनियल्सचा, आणि श्रेयनामावलीत त्याचं नावच नाही.

काका मूळ रूपाबद्दल बोलतात म्हणून आणखी एक. टीव्हीवरची १९६६ ची बॅटमोबिल ही आधी लिंकन फ्युचुरा नावाची प्रदर्शनातली गाडी होती, १९५५ ची. जॉर्ज बॅरिसने ती एका डॉलरला घेतली असं सांगतात आणि काही आठवड्यांत कापून-जोडून बॅटमोबिल केली. २०१३ मध्ये ती बेचाळीस लाख डॉलरच्या बोलीला गेली, कमिशन धरून छेचाळीस लाख. मूळ फ्युचुरा तशीच ठेवली असती तर आज ती कोणाला आठवली असती? आणि गंमत अशी की फ्युचुराची बॉडी हाताने ठोकून बनवली होती तुरिनमध्ये, घिया कंपनीत. फियाटही तुरिनचीच. म्हणजे बोल्टरावांची पद्मिनी आणि बॅटमोबिल, दोघींचं माहेर एकच.

क्रोम_काका

सायलेन्सर, हे माहेरचं वाक्य मी आमच्या क्लबात सांगणार. माझं मत मात्र बदललेलं नाही.

दुपारचा_चहा

अवांतर: मराठीत अशी मालिका का झाली नाही? विज्ञानकथा लिहिणारे एवढे लोक आपल्याकडे. नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेला 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने कथा पाठवली, स्वतःची आद्याक्षरं उलटी करून, परीक्षकांनी नावाला बक्षीस देऊ नये म्हणून. बक्षीस मिळालंच. दूरदर्शनवर पुढे त्यांची 'ब्रह्मांड' ही विज्ञानमालिकाही आली, पण ती हिंदीत. मराठीत सासू-सुना चंद्रावर गेल्या असत्या तरी मी बघितलं असतं.

तिरपागडा

सासू-सुना चंद्रावर गेल्या तर सहा महिने फक्त यानाचं दार उघडताना दाखवतील. तीन वेळा, तीन कोनांतून.

खंबाटकी

मालिकांचं मला कळत नाही. जपानी 'जायंट रोबो' तेवढा आठवतो, शेवटच्या भागात तो दुष्टाला धरून आकाशात निघून जातो आणि परत येत नाही. मी दोन दिवस जेवलो नव्हतो.

पण गाडीचं सांगतो, कारण बोल्ट पहिल्यांदाच लांब काढणार असेल तर हे लागेल. पद्मिनीचा पेट्रोल पंप इंजिनाला चिकटून. घाटात दुसऱ्या गियरवर चढत राहिलात की पंप आणि नळी तापते, आत पेट्रोलची वाफ होते, आणि गाडी दोन-चार आचके देऊन उभी. सेल्फ मारून काही होत नाही, उलट बॅटरी उतरते. चोक ओढायचा नाही, मुळीच नाही. बॉनेट उघडायचं, जुना सुती फडका पाण्यात पिळून पंपावर गुंडाळायचा, आणि दहा-पंधरा मिनिटं गप्प बसायचं. फडका वाळत आला की पुन्हा ओला. पाणी पंपावर, गरम इंजिनवर ओतायचं नाही, एकदा एकाने ओतलेलं बघितलंय. मग आधी हाताच्या लिव्हरने पंप चार-सहा वेळा दाबून पेट्रोल वर आणायचं आणि मगच सेल्फ. आमचे काका तर घाटाच्या पायथ्यालाच फडका बांधून ठेवायचे. बोरघाटात त्या काळी अशी बॉनेट उघडी टाकून उभी असलेली रांग दिसायची, सगळ्यांच्या पंपावर कोणाचा पंचा, कोणाच्या बायकोच्या जुन्या साडीचा तुकडा.

एका गॅरेजवाल्याने मला याच दुखण्यासाठी अख्खा कार्बोरेटर बदलायला लावला होता. पैसे गेले, आचके तसेच. शेवटी नळीला ॲस्बेस्टॉसची दोरी गुंडाळून काम झालं. आता ॲस्बेस्टॉस वापरू नका, काचेच्या धाग्याची पट्टी मिळते.

गंजलेला_बोल्ट

@खंबाटकी, हे छापून डिकीत ठेवतो. मनापासून आभार.

दिव्याचा निकाल: मेहुणा, नियम १०८, काका आणि वडाळा_डेपो या सगळ्यांच्यात तोडगा असा निघालाय की जाळीला हात लावायचा नाही. पट्टी आत, डॅशबोर्डच्या खाली, पायांकडे तोंड करून. बाहेरून दिसणार नाही, स्क्रू एकही नवा नाही, चिकटपट्टीवर आणि वेगळ्या स्विचवर. आणि रंग निळा. वडाळा, तो तुमच्या वडिलांचा.

वडाळा_डेपो

त्यांना सांगितलं. विचारतात, किती वॅटचा?

क्रोम_काका

आतून, बिना स्क्रूचा, काढता येणारा. चालेल. फ्यूज स्वतंत्र टाका, जुन्या वायरिंगवर जोडू नका, त्या वायरींचं आवरण आता बोट लावलं की सुटतं.

सरळवाट

मी अजूनही म्हणतो विका. पण विकायच्या आधी एक चक्कर द्या.

सायलेन्सर

किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती पिन) आणि त्याचे बुश मापात करून देणारं कोणी कोल्हापुरात, उद्यमनगरात माहीत आहे का? पूर्वी जिथे करायचो तिथे आता सगळं सीएनसीवर, म्हणजे संगणकी यंत्रांवर, गेलंय, एक नग घेत नाहीत. खंबाटकी, तुम्ही कुठे करता?